इंग्रजी क्रियापदरूपे व सर्वनामे : मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या काही नेहमीच्या प्रश्नांचा विचार

सारांश

मराठी भाषक विद्यार्थी इंग्रजीत लिहू लागला की क्रियापदाचे रूप आणि सर्वनामाची निवड या दोन ठिकाणी वारंवार अडतो. त्याच्या शंकांना ‘नियमच तसा आहे’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. प्रस्तुत लेखात या शंकांचे तीन वर्ग केले आहेत. काही शंका भाषेच्या व्यवस्थेशी, काही औचित्याशी आणि काही सध्या चालू असलेल्या भाषिक परिवर्तनाशी निगडित असतात. पहिल्या वर्गातील चुकांचे मूळ बहुतेक वेळा मराठीच्या रचनेत सापडते. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील वादांचे मूळ इंग्रजी व्याकरणाच्या इतिहासात आहे. हा भेद न करता सर्व ठिकाणी एकाच लाल शाईने रेघ ओढल्यास विद्यार्थ्यावर अन्याय होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : क्रियापदरूप, अर्थ, प्रयोग, सर्वनाम, विभक्ती, आदरार्थी बहुवचन, मूल्यमापन

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना प्रस्तुत लेखकाच्या हातून एक गोष्ट घडली. एका विद्यार्थ्याने ‘ही डिड नॉट केम’ असे लिहिले होते. अर्धा गुण कापला. दुसऱ्याने ‘इट इज मी’ असे लिहिले होते. तेथेही अर्धा गुण कापला. तिसऱ्याने ‘द कमिटी सजेस्टेड दॅट ही रिझाइन’ असे लिहिले होते. ‘रिझाइन’पुढे ‘स’ नाही म्हणून तेथेही रेघ ओढली गेली. पुढे उत्तरपत्रिका पाहण्यास मिळाली तेव्हा तिसरा विद्यार्थी विचारावयास आला. आपले वाक्य चुकीचे का, एवढाच त्याचा प्रश्न होता. संदर्भग्रंथ उघडल्यावर लक्षात आले की त्याचे वाक्य निर्दोष होते आणि चूक परीक्षकाची होती. दुसऱ्या विद्यार्थ्याचे वाक्यही आजच्या इंग्रजीत सर्वमान्य आहे. खरी चूक एकाचीच होती. शिक्षा मात्र तिघांना सारखीच झाली.

हा प्रसंग अपवादात्मक नाही. इंग्रजीतून प्रबंधिका लिहून घेणारे वाणिज्याचे अध्यापक, प्रयोगवही तपासणारे विज्ञानाचे अध्यापक, शिफारसपत्रे लिहिणारे विभागप्रमुख या सर्वांनाच अशा शंकांना तोंड द्यावे लागते. म्हणून हा विषय केवळ इंग्रजी विभागाचा नव्हे. ज्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या, त्यांनी इंग्रजी मराठीच्या आधाराने आत्मसात केली. तो तौलनिक दृष्टिकोन आज मागे पडला असला तरी विद्यार्थ्याच्या मनात मराठी वाक्याचा साचा असतोच. तो साचा समजून घेतला तर त्याच्या चुकांची संगती लागते.

२. शंकांचे तीन वर्ग

पहिला वर्ग व्यवस्थेचा. ‘ही डिड नॉट केम’ असे प्रमाण इंग्रजी बोलणारा कोणीही, कोणत्याही प्रसंगी म्हणत नाही. येथे दुमताला जागा नाही.

दुसरा वर्ग औचित्याचा. ‘हू डिड यू मीट?’ आणि ‘हूम डिड यू मीट?’ ही दोन्ही वाक्ये इंग्रजीत आहेत. पहिले बोलण्यात स्वाभाविक वाटते, दुसरे औपचारिक लेखनात शोभते. प्रश्न शुद्धतेचा नसून प्रसंगाचा आहे.

तिसरा वर्ग परिवर्तनाचा. एका व्यक्तीसाठी ‘दे’ हे सर्वनाम वापरावे की नाही, याविषयी गेल्या काही दशकांत प्रमाण संकेतच बदलले आहेत. विद्यार्थ्याच्या हाती असलेले जुने व्याकरण एक सांगते आणि तो वाचत असलेले शोधनिबंध दुसरे.

पुढील विवेचनात प्रत्येक शंका यांपैकी कोणत्या वर्गात पडते हे पाहिले आहे.

३. क्रियापदरूपांविषयीच्या शंका

३.१ ‘डिड’नंतर मूळ रूप का?

‘तो गेला’ या मराठी वाक्याचा प्रश्न ‘तो गेला का?’ असा होतो आणि नकार ‘तो गेला नाही’ असा. दोन्ही ठिकाणी ‘गेला’ हे भूतकाळी रूप जसेच्या तसे राहते. ‘का’ किंवा ‘नाही’ हा शब्द तेवढा जोडला जातो. विद्यार्थी हीच रीत इंग्रजीत नेतो. ‘ही वेंट’ला ‘डिड’ जोडला की प्रश्न झाला, अशी त्याची समजूत असते. म्हणून ‘डिड ही वेंट?’ हे वाक्य तयार होते. त्याच्या दृष्टीने ‘डिड’ म्हणजे मराठीतील ‘का’.

वस्तुतः इंग्रजीत काळाचे चिन्ह वाक्यात एकदाच आणि पहिल्या क्रियापदावर येते. ‘डिड’ आला की भूतकाळ त्याने उचलला. मुख्य क्रियापद मोकळे झाले. ‘डझ’नंतर ‘गोज’ येत नाही त्याचेही कारण हेच. ‘काळाचे ओझे एकानेच वाहावयाचे’ एवढे सूत्र सांगितले तर दोन्ही चुका एकदमच आवरतात. ही शंका निःसंशय पहिल्या वर्गातील आहे.

३.2 पूर्ण वर्तमानकाळ आणि ‘गेल्या वर्षी’

‘मी हे पुस्तक गेल्या वर्षी वाचले आहे’ हे मराठी वाक्य सर्वथा शुद्ध आहे. याच साच्यावर बेतलेले ‘आय हॅव रेड धिस बुक लास्ट इयर’ हे वाक्य मात्र प्रमाण इंग्रजीत चालत नाही. दोन्ही भाषांत ‘पूर्ण वर्तमान’ या एकाच नावाने ओळखले जाणारे रूप सारखे वागत नाही. मराठीत ‘आहे’ घटनेची खात्री आणि तिचा आजवर टिकलेला परिणाम सांगते, तरीही घटनेचा दिवस सांगण्यास आडकाठी करीत नाही. इंग्रजीत हे रूप आजच्या क्षणावरून मागे पाहते. ‘लास्ट इयर’सारखा संपून गेलेला काळ नेमका सांगितला की साधा भूतकाळच घ्यावा लागतो.

‘मी येथे दहा वर्षांपासून काम करतो आहे’ या वाक्यात याच्या उलट अडचण आहे. मराठी येथे चालू वर्तमानकाळ वापरते, म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स’ असे भाषांतर होते. इंग्रजीला ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’ असे हवे असते. ‘पासून’ या एका मराठी शब्दयोगी अव्ययात इंग्रजीचे दोन शब्द सामावले आहेत. आरंभबिंदू सांगावयाचा तर ‘सिन्स’, कालावधी सांगावयाचा तर ‘फॉर’.

३.3 चालू काळाचा अतिरेक

‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ अशा वाक्यांना भारतीय इंग्रजीची खूण मानले जाते. मुंबईचे इंग्रजी कवी निसिम इझिकेल यांनी आपल्या काही कवितांत या लकबीचा विनोदासाठी हेतुतः उपयोग केला आहे. ब्रज काचरू यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी भारतीय इंग्रजीकडे स्वतंत्र वाण म्हणून पाहिले आणि अशा वैशिष्ट्यांचा अभ्यास केला. लकब म्हणून तिचा अभ्यास होऊ शकतो. औपचारिक लेखनात मात्र ती टाळणे इष्ट. जाणणे, मालकी असणे, आवडणे यांसारखी क्रियापदे स्थिती दर्शवितात आणि स्थितीला सहसा ‘चालू’ रूप लागत नाही, हे स्पष्टीकरण विद्यार्थ्याला पुरते. ‘वुई आर हॅविंग लंच’ हे वाक्य मात्र बरोबर आहे, हेही सोबत सांगावे. कारण तेथे ‘हॅव’चा अर्थ जवळ असणे असा नसून घेणे किंवा करणे असा आहे.

३.4 ‘इफ’, ‘व्हेन’ आणि अवास्तव कल्पना

‘पाऊस पडला तर सहल रद्द होईल.’ ‘तो आला की मी तुम्हांला सांगेन.’ या वाक्यांतील ‘पडला’ आणि ‘आला’ ही रूपे भूतकाळाची, पण घटना भविष्यातील. मराठी भाषकाला यात काहीच विसंगत वाटत नाही. इंग्रजी अशा ठिकाणी वर्तमानकाळ वापरते : ‘इफ इट रेन्स’, ‘व्हेन ही कम्स’. विद्यार्थी कधी मराठीच्या ओढीने ‘व्हेन ही केम, आय विल टेल यू’ असे लिहितो, तर कधी भविष्याच्या तर्काने ‘इफ इट विल रेन’ असे. दोन्ही चुकांना कारण आहे. ती निष्काळजीपणाची चिन्हे नव्हेत.

अवास्तव कल्पना सांगताना मात्र दोन्ही भाषा एकमेकींच्या जवळ येतात. ‘मी तुमच्या जागी असतो तर राजीनामा दिला नसता’ या वाक्यातील ‘असतो’ रीतिवर्तमानातील ‘मी रोज घरी असतो’ मधील रूपासारखे दिसते, पण येथे ते कोणताच काळ सांगत नाही. मराठी व्याकरणकार याला संकेतार्थ म्हणतात. इंग्रजीतील ‘इफ आय वेअर इन युवर प्लेस’ मधील ‘वेअर’ही तसेच आहे. रूप भूतकाळाचे, आशय अवास्तवतेचा. जुन्या इंग्रजीत अशा अर्थाची स्वतंत्र रूपे अनेक क्रियापदांना होती. कालौघात ती साध्या भूतकाळात मिसळून गेली आणि ‘बी’ या क्रियापदात ‘वेअर’ तेवढा वेगळा उरला.

मग ‘इफ आय वॉज’ चूक आहे काय? बोलण्यात आणि अनौपचारिक लेखनात ते दीर्घकाळ रूढ आहे; औपचारिक लेखनात ‘वेअर’ अधिक पसंत केले जाते. म्हणजे ही शंका दुसऱ्या वर्गातील. परंतु ‘वेअर’चा अतिरेकही घडतो. ‘तो काल घरी होता तर त्याने दूरध्वनी का घेतला नाही?’ येथे केवळ वास्तवाची शक्यता आहे, अवास्तव कल्पना नाही; म्हणून ‘इफ ही वॉज ॲट होम यस्टरडे’ हेच योग्य. ‘इफ दिसला की वेअर’ असा पाठ दिलेला विद्यार्थी येथे हमखास फसतो.

३.5 ‘ही रिझाइन’ : हरवलेला ‘स’

प्रारंभी उल्लेखिलेल्या तिसऱ्या विद्यार्थ्याच्या वाक्याकडे आता वळू. सूचना, मागणी, शिफारस, आग्रह दर्शविणाऱ्या क्रियापदांनंतरच्या गौणवाक्यात इंग्रजी क्रियापदाचे मूळ रूप येते. त्याला पुरुषाचा प्रत्यय लागत नाही आणि काळाचाही नाही. ‘द कमिटी सजेस्टेड दॅट ही रिझाइन.’ नकारही ‘दॅट ही नॉट रिझाइन’ असा होतो, ‘डझ नॉट’ असा नव्हे. अमेरिकी इंग्रजीत ही रचना विशेष रूढ आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘शुड रिझाइन’ असेही लिहिले जाते. तथापि विसाव्या शतकात मूळ रूपाची रचना तेथेही पुन्हा वाढीस लागली.

मराठी अध्यापकाला हे समजावून सांगणे खरे तर सर्वांत सोपे असावे, कारण मराठीत यासाठी स्वतंत्र अर्थच आहे. ‘त्याने राजीनामा द्यावा अशी सूचना समितीने केली.’ हा ‘द्यावा’ म्हणजे विध्यर्थ. ‘इन्सिस्ट’ या क्रियापदाची दोन वाक्ये ताडून पाहावीत. ‘ही इन्सिस्टेड दॅट शी बी प्रेझेंट’ म्हणजे ‘तिने उपस्थित राहावे असा त्याने आग्रह धरला’. ‘ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज प्रेझेंट’ म्हणजे ‘ती उपस्थित होती असे त्याने ठासून सांगितले’. विध्यर्थाचे ‘राहावे’ आणि स्वार्थाचे ‘होती’ हा भेद मराठी विद्यार्थी लहानपणापासून जाणतो. तो इंग्रजीच्या रूपाशी जोडून देणे एवढेच अध्यापकाचे काम. महाविद्यालयीन पत्रव्यवहारात ‘इट इज रिक्वेस्टेड दॅट द लीव्ह बी सँक्शन्ड’ असे आपण सहज लिहितो. तेथील ‘बी’ हेही हेच रूप होय.

३.6 ‘कर्मणी’ म्हणजे ‘पॅसिव्ह’ नव्हे

‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’, ‘रामाने आंबे खाल्ले’. येथे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. शाळेत ‘कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस’ असे समीकरण पाठ झालेले असते. मग विद्यार्थी ‘रामाने आंबा खाल्ला’ याचे भाषांतर ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असे करतो आणि साध्या कथनातही वाक्यामागून वाक्य कर्मवाच्य होत जाते.

दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठी व्याकरणात प्रयोगविचाराची मोठी परंपरा आहे. प्रयोग क्रियापदाचा अन्वय कोणाशी आहे हे सांगतो. ‘व्हॉइस’ वाक्यात कर्त्याला व कर्माला कोणते स्थान मिळाले हे सांगतो. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात राम अग्रस्थानी असून करणाराही तोच आहे, म्हणून इंग्रजीत ‘राम एट द मँगो’ हेच योग्य. इंग्रजी कर्मवाच्याला जवळचे मराठी रूप ‘आंबा खाल्ला गेला’ किंवा शासकीय मराठीतील ‘कैद्यांना सोडण्यात आले’ हे आहे. ‘रामाकडून’ची जोड असलेल्या अशा रचनेला शालेय व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. ‘कर्मणी’ या सामाईक नावामुळे दोन भिन्न गोष्टी एक मानल्या जातात, हे अध्यापकाने आवर्जून दाखवावे.

३.7 ‘लाय’ आणि ‘ले’

‘लाय’ म्हणजे पडून असणे. त्याचा भूतकाळ ‘ले’ आणि भूतकालवाचक धातुसाधित ‘लेन’. ‘ले’ म्हणजे ठेवणे; त्याची रूपे ‘लेड, लेड’. एकाचा भूतकाळ म्हणजेच दुसऱ्याचा वर्तमानकाळ, म्हणून गोंधळ होतो. इंग्रजी ही मातृभाषा असणारेही येथे चुकतात. मराठी विद्यार्थ्याला मात्र याची एक किल्ली देता येते. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चरणे-चारणे या जोड्यांत दुसरे क्रियापद पहिल्याचे प्रयोजक आहे. ‘ले’ हे ‘लाय’चे असेच प्राचीन प्रयोजक होय. ‘सिट’ व ‘सेट’, तसेच ‘फॉल’ आणि झाड पाडणे या अर्थाचे ‘फेल’ या जोड्याही त्याच घडणीच्या आहेत. कर्म असेल तेथे दुसरे, नसेल तेथे पहिले, हा निकष दोन्ही भाषांत चालतो.

४. सर्वनामांविषयीच्या शंका

४.1 लिंग आणि आदर

मराठीत खुर्ची ‘ती’, पंखा ‘तो’ आणि कपाट ‘ते’. इंग्रजीत निर्जीवांना ‘इट’ पुरते हे विद्यार्थी लवकर शिकतो. आदराची गोष्ट मात्र अधिक खोल आहे. ‘सर आले आहेत, ते वर्गात आहेत’ हे मनात असलेला विद्यार्थी ‘सर हॅव कम, दे आर इन द क्लास’ असे म्हणतो. त्याला एकवचन वापरणे उद्धटपणाचे वाटते. इंग्रजीत एका ज्ञात व्यक्तीविषयीचा आदर बहुवचनाने व्यक्त होत नाही. तो संबोधनातून व शब्दयोजनेतून व्यक्त होतो, असे त्याला सांगावे. सोबत हेही सांगावे की इंग्रजीतही एकेकाळी आदरार्थी बहुवचन होते. ‘यू’ मूळचे अनेकवचनी. एकाला ‘दाऊ’ म्हणत. आपल्या ‘तुम्ही’प्रमाणे ‘यू’ एका व्यक्तीला आदराने लावण्याची रीत पडली आणि पुढे तिने प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ला हुसकावून लावले. म्हणूनच समोर एकच मूल असले तरी ‘यू आर’ म्हणावे लागते.

४.2 वगळलेली आणि द्विरुक्त सर्वनामे

‘चित्रपट पाहिला का?’ ‘हो, आवडला.’ या मराठी संवादात कर्ता आणि कर्म दोन्ही गाळता येतात, कारण क्रियापदाच्या रूपात त्यांची खूण शिल्लक असते. ‘यस, आय लाइक्ड’ हे त्याचेच प्रतिबिंब. इंग्रजी क्रियापदात कर्माची खूण नसल्याने ‘इट’ अपरिहार्य ठरते.

याउलट ‘जो मुलगा आला तो माझा भाऊ’ या जो-तो रचनेत सर्वनाम दोनदा येते. ‘द बॉय हू केम, ही इज माय ब्रदर’ यातील ‘ही’ म्हणजे हाच ‘तो’. इंग्रजीत ‘हू’ने काम भागल्यावर ‘ही’ला जागा उरत नाही.

‘मायसेल्फ रमेश’ ही ओळख करून देण्याची पद्धतही येथेच पाहावी. ‘मी रमेश’ या मराठी वाक्यात क्रियापद नसते, तसेच ते या इंग्रजी वाक्यातूनही गळले आहे. शिवाय नुसता ‘आय’ रुक्ष वाटून ‘मायसेल्फ’ अधिक सभ्य भासत असावा. परंतु हे सर्वनाम त्याच वाक्यातील कर्त्याकडे मागे वळून पाहणारे आहे किंवा त्यावर भर देणारे आहे. ते स्वतः कर्ता होत नाही. ‘आय ॲम रमेश’ हेच साधे आणि सभ्य.

४.3 ‘आय’ की ‘मी’?

येथे लिपीचाच एक चकवा आहे. इंग्रजी ‘मी’ कानाला मराठी ‘मी’सारखे वाटते, पण विभक्तीने ते मराठी ‘मला’च्या जवळचे आहे. ‘बिटवीन यू अँड आय’ ही चूक शिकलेल्यांच्याच लेखणीतून अधिक होते. ‘माय फ्रेंड अँड मी वेंट’ हे वाक्य कापले गेल्याने विद्यार्थी ‘अँड’नंतर नेहमी ‘आय’च शुद्ध, असा निष्कर्ष काढतो. ही रचना नवीन नव्हे. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील अँटोनिओच्या पत्रातही ती आढळते. तरीही आजच्या प्रमाण लेखनात शब्दयोगी अव्ययानंतर ‘मी’च हवे. जोडीतील दुसरी व्यक्ती क्षणभर वगळून पाहावी : ‘आय वेंट’ होते, म्हणून ‘माय फ्रेंड अँड आय वेंट’, ‘फॉर मी’ होते, म्हणून ‘फॉर माय फ्रेंड अँड मी’.

‘इट इज आय’ की ‘इट इज मी’ हा वाद मात्र निराळा आहे. अठराव्या शतकात इंग्रजी व्याकरणे मोठ्या प्रमाणावर लिहिली गेली. रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ मध्ये आणि लिंडली मरे यांचे १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बी’नंतर प्रथमा हवी हा आग्रह त्या परंपरेतून दृढ झाला आणि लॅटिन व्याकरणाचा आदर्श त्यामागे होता. प्रत्यक्ष बोलण्यात ‘इट इज मी’ हेच सर्वसाधारण रूप आहे. दाराबाहेरून ‘इट इज आय’ असे उत्तर देणारा आज कृत्रिम वाटेल. येथे गुण कापण्यास आधार नाही.

४.4 ‘हू’ की ‘हूम’?

‘हूम’चा वापर आक्रसत चालला आहे. शब्दयोगी अव्यय लगेच आधी असेल तेथे, म्हणजे ‘टू हूम’, ‘विथ हूम’ येथे तो टिकून आहे. अन्यत्र तो औपचारिकतेची खूण ठरतो. त्यामुळे ‘हू डिड यू मीट?’ ला चूक म्हणू नये. उलट ‘द मॅन हूम आय थॉट वॉज ऑनेस्ट’ हे भारदस्त दिसणारे वाक्यच सदोष आहे. त्यातील ‘आय थॉट’ बाजूस ठेवले तर ‘हू वॉज ऑनेस्ट’ उरते, म्हणून ‘हू’च हवा.

४.5 एकवचनी ‘दे’

‘एव्हरी स्टुडंट शुड ब्रिंग देअर कार्ड.’ जुन्या व्याकरणानुसार येथे ‘हिज’ हवे. पुढे ‘हिज ऑर हर’ आले. आज ‘देअर’ सर्वत्र दिसते. हा प्रकार शिथिलतेचा आणि अलीकडचा आहे असा समज आहे. तो खरा नाही. अशा एकवचनी ‘दे’चा वापर चौदाव्या शतकापासून आढळतो आणि जेन ऑस्टिनसारख्या लेखिकेच्या कादंबऱ्यांतही तो आहे. त्याला अशुद्ध ठरविले ते नंतरच्या व्याकरणकारांनी. पुल्लिंगी सर्वनामात स्त्रियांचा समावेश मानावा, असे ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यांच्या भाषेपुरते १८५० मध्ये ठरविले. भारताच्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम १३ मध्येही हेच तत्त्व आहे. नियमावल्यांतील ‘ही’चे मूळ या परंपरेत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी अभ्यासकांनी या ‘समावेशा’वर प्रश्नचिन्ह उभे केले. वर्गात निम्म्या विद्यार्थिनी असताना प्रत्येक सूचनेत ‘ही’ म्हणणे हे केवळ व्याकरण राहत नाही. २०१९ मध्ये मेरियम-वेब्स्टर या शब्दकोशसंस्थेने ‘दे’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. त्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनसंहितेची सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. शोधनिबंधांसाठी ही संहिता आपल्याकडेही अनेक विषयांत पाळली जाते. तिने एकवचनी ‘दे’ला स्पष्ट मान्यता दिली, व्यक्ती अनिर्दिष्ट असेल तेव्हा, तसेच एखादी व्यक्ती स्वतःसाठी हेच सर्वनाम वापरीत असेल तेव्हाही. म्हणजे ज्या संहितेचे पालन करण्यास आपण संशोधक विद्यार्थ्याला सांगतो, तिला मान्य असलेल्या रूपावरच आपण रेघ ओढण्याचा संभव आहे.

एका व्यक्तीला अनेकवचन लावण्याची मराठी माणसाला जन्मजात सवय आहे. म्हणून एकवचनी ‘दे’चे त्याला नवल वाटू नये. मात्र मराठीचे आदरार्थी बहुवचन आणि इंग्रजीचे हे ‘दे’ यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिले आदरापोटी येते. दुसरे लिंग अनिर्दिष्ट ठेवण्यासाठी किंवा त्या व्यक्तीने निवडले म्हणून येते. क्रियापद मात्र दोन्हीकडे बहुवचनीच राहते, ‘दे आर’. जसे एकाच श्रोत्याला ‘यू आर’.

५. मूल्यमापनाच्या दृष्टीने काही सूचना

वरील विवेचनावरून अध्यापकांसाठी पुढील सूचना मांडता येतील.

१) व्यवस्थेची चूक (‘डिड वेंट’, ‘हॅव रेड लास्ट इयर’, ‘व्हेन ही केम, आय विल टेल’) निःसंकोच दाखवावी, परंतु शक्य तेथे तिच्यामागील मराठी वाक्यही समासात लिहावे. आपण का चुकलो हे विद्यार्थ्याला कळले तर तीच चूक पुन्हा होण्याचा संभव कमी होतो.

२) औचित्याच्या प्रश्नांत (‘वॉज’ व ‘वेअर’, ‘हू’ व ‘हूम’) गुण न कापता ‘औपचारिक लेखनात असे’ एवढी नोंद करावी.

३) परिवर्तनशील रूपांत विभागाने एक संकेत ठरवून तो सत्रारंभीच विद्यार्थ्यांना कळवावा. संकेत न कळविता त्याचा भंग दंडनीय मानणे न्याय्य नाही.

४) अपरिचित रूप दिसले तर रेघ ओढण्यापूर्वी संदर्भग्रंथ पाहावा. ‘ही रिझाइन’सारखे रूप विद्यार्थी बहुधा चांगल्या वाचनातून उचलतो. ते कापणे म्हणजे त्याच्या वाचनालाच शिक्षा करणे होय.

५) विज्ञान, वाणिज्य व सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांनी भाषेच्या दुरुस्त्या करताना आशयास बाधा आणणाऱ्या चुकांना अग्रक्रम द्यावा.

६. निष्कर्ष

इंग्रजी क्रियापदे व सर्वनामे यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या शंका पहिल्या दर्शनी किरकोळ वाटतात. बारकाईने पाहता त्यांतील काही मराठीच्या रचनेकडे, काही अठराव्या शतकातील व्याकरणपरंपरेकडे आणि काही आजच्या सामाजिक परिवर्तनाकडे बोट दाखवितात. संकेतार्थ, विध्यर्थ, प्रयोजक, प्रयोग या मराठी व्याकरणाच्या संकल्पना इंग्रजी शिकविताना अडथळा ठरत नाहीत. नेमकेपणाने वापरल्या तर त्या उत्तम साधन ठरतात. त्यासाठी अध्यापकाला स्वतःच्या भाषेचे व्याकरण पुन्हा उघडावे लागेल.

ज्या विद्यार्थ्याच्या निर्दोष वाक्यावर रेघ ओढली गेली होती, तो विचारावयास आला म्हणून चूक उमगली आणि त्याचा अर्धा गुण त्याला परत मिळाला. न विचारणारे विद्यार्थी संख्येने नेहमीच अधिक असतात. परीक्षकाची रेघ ते अंतिम मानतात आणि पुढच्या वेळी धाडसाचे वाक्य लिहिणेच टाळतात. त्यांच्यासाठी तरी, लेखणी उचलण्यापूर्वी ही शंका कोणत्या वर्गातील आहे, हा प्रश्न अध्यापकाने स्वतःला विचारणे अगत्याचे आहे.